पालथ्या प्याल्यांचा किल्ला

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. माझ्याशी पैज लावायला कोणी उरलेलं नाही, हा भाग वेगळा. गोंडवनात मला वाघानं रस्ता विचारला होता, ही गोष्ट मागे सांगितली तेव्हा निदान निम्मे लोक म्हणाले, असेल बुवा. पण आमच्या घराण्याचं नाव कलकत्त्याच्या कोर्टात गेलं ते एका मातीच्या किल्ल्यापायी, आणि तो खटला दोन्हीकडच्या माणसांनी मिळून शेवटी आणून ठेवला तो माझ्या, म्हणजे श्यामरावाच्या, जिभेवर, एवढं सांगितलं की लोक चहा संपवून उठतात. तुमचा चहा बाकी असेल तर बसा.

ज्यांना 'पहारा' ठाऊक आहे त्यांनी पुढच्या चार ओळी गाळाव्यात. कॉम्प्युटरवरचा खेळ. काळ्या पडद्यावर एक किल्ला. त्याचे बुरूज म्हणजे चहाचे मातीचे प्याले, पालथे घातलेले. गडावर बंदुका घेतलेले शिपाई, आणि त्यांच्यात काही कारण नसताना एक ट्रॅफिक पोलीस. चहूकडून कावळे येतात. उजाडेपर्यंत किल्ला राखायचा. एवढ्यावर दोन पिढ्यांनी अभ्यास बुडवला. आधी फ्लॉपीवर निघाला, मग सीडीवर, मग 'पहारा-२', मग 'पहारा-३'. बाजारात त्याच्या चोरून इतक्या प्रती काढत की एका दुकानदारानं त्या यंत्राच्या उष्णतेवर हिवाळाभर चहा उकळला. मी प्यायलो आहे तो. जरा प्लॅस्टिकचा वास यायचा.

खेळ दोघांनी केला. एक माझा धाकटा भाऊ दत्तात्रय, बँकेत अधिकारी. दुसरी शर्वरी, आडनाव मित्र, डमडमच्या घरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी, तेव्हा कॉलेजात जाणारी मुलगी. दोघांनी तो 'त्रिनयन' नावाच्या इथल्याच एका कंपनीला दिला. कागद झाला, पण त्यात मुदत लिहायचं कोणाला सुचलं नाही. आपला कायदा म्हणतो, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरा, पुढे हक्क पुन्हा मूळ कर्त्याचा. हे इतकी वर्षं ना दत्ताला कळलं, ना शर्वरीला. त्रिनयन बुडाली, दत्ता गेला, आणि गेल्या वर्षी हैदराबादच्या एका कंपनीनं विचारलं, आम्हाला 'पहारा' पुन्हा काढायचाय, पहिल्याच पडद्यावर कर्त्याचं नाव घालायचंय, तर कर्ता कोण?

दत्ताच्या मुलानं, अजेयनं, उत्तर दिलं: माझे वडील. वकिलाच्या नोटिशीत त्यानं पुढे हेही घातलं की सदर बाई केवळ टायपिंगचं काम करीत. शर्वरीनं दावा लावला. कोर्टानं दोघांना मध्यस्थापुढे धाडलं.

आता प्रोग्रॅम शर्वरीनं लिहिला हे अजेयही नाकारत नव्हता. त्याचं म्हणणं, दत्तानं सांगितला तसा लिहिला. आणि खेळाचा प्राण म्हणजे तो किल्ला, आणि तो किल्ला म्हणजे एक्क्याण्णव सालच्या दिवाळीत डमडमच्या गच्चीवर झालेला खरा मातीचा किल्ला, हे दोन्ही बाजूंना मान्य. पडद्यावर तो पायरी न् पायरी तसाच आहे. त्या गच्चीवर दुसरा किल्ला झालाही नाही, पुढल्या वर्षी घरमालकानं तिथे पाण्याची टाकी बसवली. म्हणजे भांडण एवढ्यावर आलं की तो किल्ला केला कोणी. दत्तानं केला असेल तर खेळ दत्ताचा आणि शर्वरी टायपिस्ट. शर्वरीनं केला असेल तर मग दत्ताचं त्यात काय, असा प्रश्न, आणि तो आमच्या घरात कोणाला विचारायचा नव्हता.

किल्ला करताना ज्यांनी पाहिला त्यांतले घरमालक गेले, शर्वरीचे आईवडील गेले. उरलो मी. मी लग्न केलं नाही, बदली घेतली नाही, मेलो नाही. आमच्यासारख्या घरात असा एक माणूस पुराव्यासाठी ठेवलेला असतो.

विजयादशमी होऊन गेली होती, दिवाळी यायची होती. शर्वरीचा फोन आला, बिजोया करायला शनिवारी येते. इथली ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. पूजा झाली की धाकट्यांनी थोरांच्या घरी जाऊन पाया पडायचं, गोड खायचं. त्याला खटला आड येत नाही. आणि फोनवरच ती म्हणाली, "शामदांनी माझ्या तोंडावर सांगितलं की किल्ला दत्तादांनी केला, तर सोमवारी मी दावा मागे घेते."

अजेयनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सर्कशीत सिंह आजारी पडला आणि बदली मांजर आलं की मालक जसा पाहतो, तसं.

---

शनिवारी सकाळी आमच्या सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर माझी तालीम सुरू झाली.

"काका, साधं सांगायचं," अजेय म्हणाला. "किल्ला कोणी केला? दत्तानं. पुढे काही नाही."

"पुढे काही नाही कसं? माती कुठून आली?"

"मातीचं कोणी विचारणार नाही."

"विचारलं तर? गंगेची होती. बागबाजारच्या घाटावरून मी आणि दत्तानं पोतं आणलं. उघडलं तर आत कासव."

"काका."

"लहानसं."

अजेयची बायको आभा बँकेत आहे, नागपूरकडची, आणि हसायचं असलं की चष्मा पुसते. ती चष्मा पुसत म्हणाली, "कासव राहू दे रे. कासवानं खरं वाटतं."

"कासव काढा," अजेय म्हणाला. "आणि काका, शिपाई तिचे होते हे आपण आधीच कबूल करायचं. श्रावणात त्यांच्याकडे झूलनला पोरं मातीची खेळणी मांडतात, त्यातले उरलेले. बाबांनी उसने घेतले."

"मावळे इथे मिळायचे नाहीत ना," मी आभाला म्हणालो. "म्हणून आमचे मावळे बंदुकवाले. एक कमी पडला तर तिनं ट्रॅफिक पोलीस दिला. राजे सिंहासनावर आणि खाली हा, हात आडवा करून. अफझलखान आला असता तर सिग्नलला थांबला असता."

"त्या पोलिसाला सारखं दाबत राहिलं की तो शिट्टी मारायचा आणि सगळे कावळे उडून जायचे," आभा म्हणाली. "हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आमच्या शाळेत फक्त मला माहीत होतं. सहावीत मी त्याच्यावर मैत्रिणी मिळवल्या."

"मुद्द्यावर या," अजेय म्हणाला.

अजेयच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळलं विचाराल, तर त्याच्या कपाळावर एक शीर आहे ती तारायंत्रासारखी उडते, आणि मी भूगर्भ खात्यात असताना तारायंत्र शिकलो होतो. त्याला आठवत होती ती शाळेची बस. त्यानं पोरांना सांगितलं होतं की 'पहारा' माझ्या बाबांनी केलाय. पोरांनी दुसऱ्या दिवशी सीडीचं वेष्टन आणून दाखवलं. त्यावर त्रिनयनचं नाव होतं, डोळ्याचं चित्र होतं, बाबा कुठेच नव्हते. ती पोरं त्याला शाळा संपेपर्यंत 'कावळा' म्हणत. आता सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीत त्याच्या हाताखाली माणसं आहेत, तो गाडी घेऊन जातो, पण ती बस अजून त्याच्या आधी पोचते. कंपनीचा करार, अटी, हिस्सा, ते सगळं वरवरचं. त्याला पहिला पडदा हवा होता.

"आणि कॉम्प्युटर?" आभानं विचारलं. "तो कोणाचा होता?"

"ते काकांनी जरूर सांगावं," अजेय एकदम मोकळा झाला. "ते शंभर टक्के खरं आहे, आईसुद्धा सांगेल. तो आजोबांनी दिला, साताऱ्याच्या. साखर कारखान्यानं नवा घेतला तेव्हा जुना निकालात निघाला, तो त्यांनी जावयाला दिला. सोन्याची अंगठी देत होते. बाबा म्हणाले अंगठी नको, तो डबा द्या."

"गीतांजली एक्सप्रेसनं आणला," मी म्हणालो. "मॉनिटरला खिडकीजवळची जागा दिली म्हणून टीसीनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. वय विचारलं. दत्ता म्हणाला, सहा."

"हे नाही सांगायचं."

"मग तुझ्या शंभर टक्क्यांत उरलं काय?"

---

स्वयंपाकघरात अनुराधा चकल्या तळत होती. अनुराधा म्हणजे दत्ताची बायको, अजेयची आई. एक्क्याण्णवच्या मे महिन्यात लग्न होऊन ती त्या डमडमच्या घरात आली तेव्हा तिला कलकत्त्याचं नुसतं नाव ठाऊक होतं. आता तिचं बंगाली ऐकून मासळीवाला भाव कमी करतो, आणि ती मासे खात नाही.

आभा सोऱ्या भरायला आत गेली. पुढचं बोलणं मी ऐकलं कसं? आमच्या स्वयंपाकघराला जाळी आहे आणि माझी आरामखुर्ची तिच्याखाली कोणी ठेवली ते मला माहीत नाही.

"आई, तुम्ही काहीच बोलत नाही," आभा म्हणाली.

"तेल तापलंय. बोलले तर चकली सुटते."

"सोमवारी मिटलं तर बाबांचं नाव येईल. पहिल्याच पडद्यावर."

अनुराधानं झाऱ्यानं चकली उलटली. "कसं लिहितात गं ते? पूर्ण नाव, की नुसतं दत्तात्रय?"

"पूर्ण."

"ह्यांना पूर्ण नाव आवडायचं. बँकेत सगळे डी.पी. म्हणायचे." तिनं चकली निथळून ताटात टाकली. "गेले तेव्हा बँकेनं वर्तमानपत्रात दिलं, त्यात पदाचं नाव मोठं आणि ह्यांचं लहान. मी ते कापून ठेवलं नाही."

"तुम्हाला तो किल्ला आठवतो?"

"आठवतो की. प्यालेच होते ना बुरुजांना. हे खुर्ची टाकून बसायचे गच्चीवर. बँकेतून आले की चहा घेऊन थेट वर. अळीव उगवले होते ते कावळे उपटायला यायचे. हे हाकलत बसायचे. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, एवढा मोठा माणूस पहाऱ्याला बसलाय."

सोऱ्या आभाच्या हातात तसाच राहिला. "पहाऱ्याला? हाच शब्द?"

"मग काय म्हणणार?"

"आई, म्हणजे खेळाचं नाव तुम्ही..."

"काहीतरीच. खालून शर्वरी यायची, तिथेच कठड्यावर बसायची. दोघं कावळे मोजायचे. मग ते मशीन लावलं. मला काय कळतंय त्यातलं." तिनं गॅस बारीक केला. "तिला टायपिस्ट म्हणायला नको होतं अजेयनं."

"मग सांगा ना त्याला."

"सांगितलं. म्हणाला, आई, हे कायद्याचं बोलणं असतं."

"आणि करताना? किल्ला करताना तुम्ही पाहिलंत?"

अनुराधानं तिच्या हातातून सोऱ्या घेतला. तिला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण ते उत्तर एकदा तोंडाबाहेर पडलं की दत्ताच्या वाट्याला एक खुर्ची आणि कावळे एवढंच उरेल, असं तिला वाटत होतं. हे मला तिच्या पाठीवरून कळलं. ती म्हणाली, "मी नवी होते तेव्हा," आणि पुढची चकली सोडली.

आभा बाहेर आली ती अजेयच्या शेजारी बसली नाही. समोरच्या खुर्चीत बसली. आमच्या घरात कोण कोणाच्या बाजूला आहे ते अशा वेळी खुर्च्यांवरून ओळखायचं.

---

शर्वरी डमडमहून आली. अजून त्याच घरात, त्याच खालच्या मजल्यावर राहते. आता बाराशातच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, केस पिकलेत, चालते मात्र तशीच, परीक्षेला उशीर झाल्यासारखी. हातात नाडूंचा, म्हणजे नारळाच्या लाडवांचा, डबा. आली ती सरळ वाकून माझ्या पाया पडली. मग अनुराधाच्या पाया पडायला गेली तर ही मागे सरली.

"थांब गं, हात तेलाचे आहेत."

"पाय तर नाहीत ना तेलाचे, बौदी," शर्वरी आपल्या या वहिनीला म्हणाली, आणि पडली.

तिचं मराठी आमच्या जिन्यात वाढलेलं. शब्द सगळे येतात, पण बंगालीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाची कटकट नसल्यानं तिनं ती मराठीतही मानली नाही. चहा आली, मी बसला, शामदा म्हातारी झाले. सुरुवातीला आम्ही सुधारायचो. मग आम्हालाच तिचं बरोबर वाटू लागलं.

अजेयनं तिला बसायला सांगितलं. "मावशी" म्हणायची जुनी सवय तोंडाशी आली ती त्यानं गिळली आणि "मॅडम" म्हणाला.

"मॅडम झाला मी?" शर्वरी म्हणाली. "बरं झालं. टायपिस्टपेक्षा बरं."

"ते वकिलांचे शब्द असतात."

"सही तुझी होती, बाबू. तुला मी मुळाक्षरं शिकवली. 'अ' काढताना जीभ बाहेर काढायचा तू."

आभानं चष्मा काढला. अजेयनं तिच्याकडे पाहिलं, तिनं परत घातला.

"आपण मुद्द्याचं बोलू," अजेय म्हणाला. "तुमचं म्हणणं, प्रोग्रॅमही तुमचा आणि किल्लाही तुमचा. मग बाबांनी काय केलं? नुसता चहा पाजला?"

"मी असं कधी म्हटली नाही. माझ्या दाव्यात दोन नावं आहेत. वाचलास ना? पहिलं दत्तादांचं लिहिलंय. तूच एक नाव ठेवलास." तिनं डब्याचं झाकण काढून डबा टेबलावर मध्ये सरकवला. "किल्ल्याचं मी लिहिला ते खरं लिहिला. पण एक गोष्ट मी वकिलाला सांगितली नाही. सांगितली असती तर हे केव्हाच संपलं असतं."

"का नाही सांगितली?" आभानं विचारलं.

"काही गोष्टी घरच्या माणसांनी आपणहून सांगायच्या असतात. परक्यानं कोर्टात सांगितल्या की त्या घरच्याच्या राहत नाहीत. मी त्या घरात शामदांच्या ताटातलं खाल्लाय." ती माझ्याकडे वळली. "म्हणून आला. शामदा सांगतील तसं. ते म्हणाले दत्तादांनी केला, तर दत्तादांनी केला. सोमवारी मी सही करते, टायपिस्ट तर टायपिस्ट."

"पण मॅडम," आभा म्हणाली, आणि अजेयनं टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावला हे मला दिसलं, "काकांच्या बोलण्यावर... म्हणजे, काका गोष्टी सांगतात. तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत नाही? वाघाची गोष्ट आधी मला सांगितली. तेव्हा तो वाघ नव्हता, तरस होतं."

"वाघच होता," मी म्हणालो. "अंधारात तू तरस ऐकलंस."

"पण शामदा माझ्याबद्दल कधी खोटं बोलले नाहीत," ती आभाला म्हणाली. "वाघाबद्दल, टीसीबद्दल, स्वतःबद्दल बोलतात. माणसाचं नुकसान होईल असं बोलत नाहीत. म्हणून मी आला."

आत चकल्यांचा घाणा चालू होता. शर्वरीनं पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "शामदा, तो किल्ला कोणी केली?"

मी अजेयकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची शीर काय म्हणत होती ते तुम्हाला सांगायला नको.

"दत्तानं," मी म्हणालो.

इथे थांबायचं असं ठरलं होतं. आणि मी थांबलोही होतो. पण शर्वरी नुसती बघत राहिली. ना हो, ना नाही. ऐकणारा असा बघत राहिला की गोष्ट एकटी वाटते हो. तिला सोबत द्यावी लागते.

"वसुबारसेचा दिवस," मी म्हणालो. "दत्ता बँकेतून आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गच्चीवर गेला. माती गंगेची. पोत्यातून उतरवताना..."

"काका," अजेय म्हणाला.

"पोत्यातून काहीही निघालं नाही. दत्तानं विटा रचल्या, वर पोती टाकली, त्यावर चिखल लिंपला. मी बादली द्यायचो. बुरुजांना काय करावं कळेना. मग त्याची नजर चहाच्या प्याल्यांवर गेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले, पिऊन ठेवलेले. त्यानं एक उचलला, पालथा घातला आणि लांब जाऊन पाहिलं. म्हणाला, दादा, झाला रायगड."

अजेयचे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत त्याला वडील असे दिसले नव्हते, चिखलानं भरलेले, प्याला हातात धरून. हे चित्र त्याला मी दिलं, आणि ते त्याच्या तोंडावर असं उमटलं की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

"मी कुठे होता?" शर्वरीनं विचारलं. आवाज साधा.

"तू? तू कठड्यावर. शिपाई पुरवत होतीस एकेक."

"पोलीस कोणी ठेवली?"

"दत्तानंच. तू म्हणालीस, शिपाई संपले. तो म्हणाला, मग हा चालेल, गर्दी सांभाळेल."

शर्वरीनं मान खाली घातली आणि स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे, शामदा." आणि डब्याचं झाकण लावू लागली. आभा उठून उभी राहिली होती. अजेय खिशात पेन चाचपत होता. खटला संपला होता. वाघासारखा वाघ रस्ता विचारून निघून गेला होता.

आणि मी, माझ्यासारख्यानं अशा वेळी करावं तेच केलं. गोष्टीवर कळस चढवायला गेलो.

"आणि अनुराधा," मी म्हणालो, "नवी नवरी, हातात हिरवा चुडा. भिजवलेल्या अळिवांची वाटी घेऊन वर आली. दत्ता म्हणाला, गडावर गवत तू पेरायचंस. हिनं स्वतःच्या हातानं पेरले. विचारा तिला. ती नाही म्हणणार नाही."

आतला घाणा थांबला. गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि अनुराधा दारात आली. हातात झारा, त्यावरून तेलाचा थेंब फरशीवर पडला, तो तिनं पाहिला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"काय पेरलं मी, भाऊजी?"

"अळीव. आठवत नाही तुला?"

"आई, तू आत हो," अजेय म्हणाला. "झालंय सगळं. मिटलंय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. शर्वरीकडेही नाही. माझ्याकडे बघत तिनं अगदी बेताच्या आवाजात विचारलं, "भाऊजी, ह्यांना तो कॉम्प्युटर माझ्या बाबांनी कधी दिला?"

मी खोट्याची तयारी नेहमी करतो. खऱ्याची कधी केलेली नाही, त्यामुळे ते तोंडातून तसंच निघालं. "दिवाळसणाला," मी म्हणालो.

"पहिला दिवाळसण. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई सासुरवाडीला." तिनं झारा टेबलावर, नाडूंच्या डब्याशेजारी ठेवला. "वसुबारसेला आम्ही दोघंही साताऱ्याला होतो. मी अळीव पेरले नाहीत आणि ह्यांनी वीट उचलली नाही. आम्ही तो डबा घेऊन परत आलो तेव्हा किल्ला उभा होता, भाऊजी, आणि गवत बोटभर वाढलं होतं. तुम्ही खोटं बोलताय."